मदत हवी आहे: बॅलीहू, हूपला, ब्रूहाहा... सगळ्यांना 'गोंधळ'च म्हणायचं का?

नमस्कार मंडळी. परभणीजवळच्या एका गावात मी संध्याकाळी मुलींना स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवते. परवा शब्दांच्या यादीत हाइप, बॅलीहू, हूपला, हलबलू, ब्रूहाहा आणि 'ह्यू अँड क्राय' असे सहा एकदम आले. आमच्याकडच्या गाइडात सहाहींपुढे एकच अर्थ छापलाय: गोंधळ, गलका. पर्यायांत यातलेच दोन शेजारी आले तर पोरींनी काय करायचं? म्हणून प्रत्येकाला स्वतःचा मराठी शब्द शोधायला बसले. निम्मे जमले, निम्म्यांवर अडलेय.

'गोंधळ' मी आधी बाजूला ठेवला. आमच्याकडे लग्नानंतर संबळ-तुणतुणं घेऊन गोंधळी येतात, पोत पेटतो, एकेका दैवताला 'गोंधळाला या' म्हणून बोलावणं होतं. तो आवाज ठेक्यातला असतो, त्याला गलका म्हणवत नाही. आणि रोजच्या बोलण्यातला गोंधळ म्हणजे काही न सुधरणं. 'माझा गोंधळ झाला' म्हणणारीचा आवाज उलट बसलेला असतो!

'ह्यू अँड क्राय' सगळ्यात आधी सुटला. इंग्लंडात 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्यानं गावकऱ्यांवर बंधनच घातलेलं होतं: चोरी-दरोडा दिसला की ओरडत चोराच्या मागं धावायचं. आज लोकांनी एखाद्या गोष्टीविरुद्ध उठवलेल्या ओरड्याला तो शब्द वापरतात. आपली हाकाटी अगदी तीच.

बॅलीहूला मात्र मला माळेगावला जावं लागलं, म्हणजे मनानं. लोहा तालुक्यातली खंडोबाची यात्रा ज्यांनी पाहिलीय त्यांना लगेच कळेल. मौत का कुआंच्या बाहेर फळ्यांचा माचा, त्यावर तोंडाला पावडर फासलेला माणूस माइकवर 'चला चला, खेळ सुरू झाला' ओरडतोय, शेजारी एकजण मोटरसायकल जागेवरच रेस करतोय. आत अजून कुणी शिरलेलं नसतं. लहानपणी आम्ही तिकिटाला पैसे नसले तर तेवढंच बघून घरी यायचो. अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमध्ये तंबूबाहेरच्या या फुकटच्या खेळालाच बॅलीहू म्हणायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शब्द रूढ झाला आणि पुढं कसल्याही भडक जाहिरातबाजीला लागला. मी त्याला 'डांगोरा' दिलाय. दवंडी नको वाटली. कोतवाल हलगी वाजवून 'उद्या लस टोचणारे येणार हो' सांगायचा, त्यात काही विकायचं नसायचं.

हाइप म्हणजे सरळ 'हवा'. जूनच्या तोंडाला आमच्या गावात एका बियाण्याची जीप भोंगा लावून फिरली, पारावर फलक लागले, वडिलांनी ऐकून पिशव्या आणल्या. उगवण निम्मी सुद्धा झाली नाही. तेव्हापासून घरात 'नुसती हवा केली होती' हे वाक्य सारखं येतं. गोष्ट हाती यायच्या आधीच फुगवलेली असते, हेच हाइपमध्ये आहे. पण लेखी उत्तरात 'हवा' चालेल का?

आता जिथं अडलेय ते सांगते.

हलबलू म्हणजे आरडाओरडा: आमचा बोलीतला 'कालवा' अगदी बसतो. 'काय कालवा लावलाय गं' हे माझी आई दिवसातून चारदा म्हणते. पण वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, जायकवाडीचा का?' डाव्या कालव्याच्या काठावरच तिचं शेत आहे, तिचं काय चुकलं?

ब्रूहाहा: जुन्या फ्रेंच प्रहसनात सैतानाचं सोंग घेतलेलं पात्र असं ओरडायचं, तिथून तो आल्याचं सांगतात. आज अर्थ असा की बाब लहान आणि त्यावर उठलेला वाद मोठा. बोभाटा म्हणावं तर त्यात वाईट गोष्ट चारचौघांत पसरणं येतं, वाद येत नाही.

हूपला: मूळ फ्रेंच, घोड्याला किंवा लेकराला 'उचल, हुप्प' म्हणावं तसा पुकारा. ब्रिटनमध्ये जत्रेत रिंगा टाकून वस्तू जिंकायच्या खेळालाही हूपलाच म्हणतात. 'धामधूम' घेतला, पण धामधुमीत कामाची लगबग येते आणि हूपलात उत्साहाचा नि प्रसिद्धीचा जरा जास्तच गजर. कुणाला याहून चांगला शब्द सुचतोय का?

प्रतिसाद:
ताई, मी लातूरचा. हूपलाला 'गाजावाजा' घ्या ना. उद्घाटनाचा गाजावाजा म्हणतो तेव्हा बँड, फटाके, फलक सगळं येतं, आणि 'कशाला एवढा?' हा सूरही येतो. ब्रूहाहाला 'गदारोळ'. कालवा सोडू नका, फक्त पुढं वाक्य द्या: 'पोरांनी कालवा केला.' केला म्हटलं की पाण्याचा राहत नाही.

धागाकर्ती:
दादा, गाजावाजा लगेच वहीत उतरवला. गदारोळ ऐकला की मला सभागृहातला दिसतो, आणि तिथं बाब लहानच असते असं नाही. तरी बोभाट्यापेक्षा जवळचा आहे. उद्या वर्गात 'केला' लावून कालवा परत सांगून बघते, त्या मुलीलाच पहिलं वाक्य करायला लावते. 'हवा'बद्दल पेपर तपासणाऱ्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.