माझा फास्ट, माझी फास्ट

एकादशीच्या दिवशी भाचीबरोबर ठाण्याहून सीएसएमटीला निघाले होते. तिने वेफर्सचा पुडा पुढे केला. शेजारची बाई म्हणाली, "नको गं, माझा फास्ट आहे." भाचीने मला कोपरानं ढोसलं. "मावशी, गाडी फास्ट, यांचा उपासही फास्ट. एकच शब्द आहे की दोन?"

मूळ एकच, आणि त्यात वेग अजिबात नव्हता. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. दोर बांधून पक्का केला की तो फास्ट. दुकानदार अजूनही साडी दाखवताना "रंग फास्ट आहे, जाणार नाही" म्हणतो, तो हाच जुना अर्थ. "हार्ड अँड फास्ट" हे तर जहाजी लोकांचं बोलणं: वाळूत रुतून बसलेलं, जागचं न हलणारं जहाज. उपासही तिथूनच आला. नेम घट्ट धरायचा, ढळायचं नाही. सकाळी तो मोडला की ब्रेकफास्ट.

मग वेग कुठून आला? भाचीला हे पटेना. "घट्ट बसलेलं पळेल कसं?"

मी म्हटलं, आपण मराठीत काय म्हणतो? "जोरात पळ." जोर म्हणजे ताकद. पण "गाडी जोरात चालली होती" असं म्हणताना ताकद कुणाच्या मनात असते? वेगच असतो. इंग्रजीतही तसंच झालं. घट्ट धरणं म्हणजे जोर लावणं, जोर लावून पळणं म्हणजे भरभर पळणं. जर्मनांनी त्याच शब्दाला तिसरीकडेच नेलं. त्यांच्याकडे "फास्ट" म्हणजे "जवळजवळ". घट्ट, म्हणून अगदी लगत, म्हणून जवळजवळ.

शब्दांचं असं भरकटणं आपल्याला नवं नाही. फराळ हा मूळचा फलाहार. आता दिवाळीत त्याच नावाखाली चकल्या-शेव खातो आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. फळं दोन्हीकडून गायब! (टोलसाठीचा फास्टॅग मात्र दोन्ही अर्थांनी फास्ट: काचेला घट्ट चिकटलेला आणि गाडी लवकर सोडणारा. अर्थात नाक्यावर रांग नसेल तर.)

स्टेशनवरची उद्घोषणा "जलद लोकल" म्हणते, पण डब्यात तो शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. बोलायचं झालं तर "फास्ट पकड, दादरला उतर." घरी पोरांना "फास्टमध्ये जेव". आणि ज्याला चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरायचं, त्याला फास्टचा काही उपयोग नाही, त्याने मुकाट स्लोमध्ये बसावं.

मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. इंग्रजीत कुठला फास्ट हे पुढच्या-मागच्या शब्दांवरून ताडायचं. मराठीने मात्र दोघांना लिंग देऊन टाकलं. लोकल किंवा गाडी स्त्रीलिंगी, म्हणून "आठ बाराची फास्ट". उपास पुल्लिंगी, म्हणून "तो फास्ट". "माझी फास्ट चुकली" म्हटलं की ऑफिसला लेटमार्क, "माझा फास्ट मोडला" म्हटलं की चिकू खाल्ला असणार बहुतेक.

"चिकूने मोडत नाही," शेजारची म्हणाली. "वेफर्स बटाट्याचे असतील तर द्या इकडे."