आईसाठी फोन: अँड्रॉइडच ठेवावा की आयफोन घ्यावा?

गोदाकाठ (प्रश्न)
माझी आई निवृत्त शिक्षिका असून तिचे वय ६९ आहे. फोनवरचे बोलणे, व्हॉट्सॲपवर मराठीत लांबलचक संदेश, वीजबिल आणि किराण्यासाठी यूपीआय, तसेच रक्तदाबाच्या गोळीची आठवण, एवढाच तिचा वापर आहे. तिच्या पाच वर्षे जुन्या अँड्रॉइड फोनवर गोळीची आठवण करून देणारे ॲप गेल्या दोन महिन्यांत अनेकदा वाजलेच नाही, आणि व्हॉट्सॲपचे संदेशही फोन हातात घेतल्यावरच एकदम येऊन पडतात. बहिणीचे म्हणणे आहे की आता आयफोनच घ्यावा. खर्चाची तयारी आहे. मात्र नवा फोन निदान सहा वर्षे टिकावा आणि ‘अरे, ते कुठे गेले?’ असे आईला रोज विचारावे लागू नये. रोजच्या वापरात भरवशाची प्रणाली कोणती?

दुरुस्तीवाला, सातारा
सगळा दोष अँड्रॉइडच्या माथी मारण्यापूर्वी सेटिंग्ज तपासा. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून, फोन नुसता पडून असताना ॲपची कामे रोखून बॅटरी वाचवण्याची सोय मूळ प्रणालीतच आहे. परंतु काही कंपन्या त्यावर स्वतःचे आणखी कडक नियम चढवतात आणि क्वचित उघडले जाणारे ॲप पार बंद करून टाकतात. त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असा पर्याय दिसल्यास तोही चालू करा.

सहा वर्षांचा हिशेब मात्र प्रणालीच्या नावावरून करू नका. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले, पण स्वस्त अँड्रॉइड फोनांना इतकी मुदत सहसा मिळत नाही. आयफोनचा पूर्वेतिहास या बाबतीत चांगला आहे: २०१५ चा आयफोन ६एस आयओएस (आयफोनची प्रणाली) ९ घेऊन आला आणि आयओएस १५ पर्यंत पोहोचला. यूपीआय वापरणाऱ्या माणसासाठी सुरक्षेची अपडेट ही चैनीची गोष्ट नव्हे.

लेक पुण्याची
मी दोन वर्षांपूर्वी वडिलांना आयफोन दिला, म्हणून अनुभवाने सांगते. फोन एकदाही अडला नाही, अडले ते वडील. अँड्रॉइडवर मागे जाण्याची खूण सगळीकडे सारखीच चालते. आयफोनवर काही ठिकाणी डाव्या कडेवरून बोट सरकवावे लागते, काही ठिकाणी वरच्या कोपऱ्यातले चिन्ह दाबावे लागते, तर काही ठिकाणी पडदा खाली ओढावा लागतो. त्यांना हे अंगवळणी पडायला चार महिने लागले, आणि त्या काळात ‘कुठे गेले?’ हाच प्रश्न मी रोज ऐकला.

गजराबाबत एक बारकावा आहे. आयफोनच्या स्वतःच्या घड्याळातला गजर फोन सायलेंटवर असतानाही वाजतो, पण बाहेरून घेतलेल्या ॲपची आठवण ही बहुधा साधी सूचनाच असते आणि ती सायलेंटवर मुकी राहते. ॲपना खरा गजर वाजवता यावा अशी सोय २०२५ च्या आयओएस २६ मध्ये आली. तीही ॲप तयार करणाऱ्याने वापरली तरच उपयोगी.

जुनाफोन
पाच वर्षांची बॅटरी म्हटल्यावर माझी शंका वेगळी आहे. चार्ज लवकर उतरतो म्हणून आईंनी बॅटरी सेव्हर, म्हणजे ॲपची कामे रोखून चार्ज वाचवणारी सोय, कायमचा चालू ठेवला असेल का? बॅटरीचे वय आयफोनलाही चुकलेले नाही. जुनी बॅटरी असलेले फोन आपण मुद्दाम मंद करतो, हे ॲपलनेच डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते.

गोदाकाठ
शंका अचूक निघाली. शेजारच्या एका मुलाने शिकवल्यापासून बॅटरी सेव्हर अखंड चालू होता. तो बंद करून ॲपवरचे निर्बंध काढल्यावर गेले पाच दिवस गोळीची आठवण वेळेवर येते आहे, फक्त दुपारी पुन्हा चार्जिंग करावे लागते. तथापि या फोनची सुरक्षा अपडेट दोन वर्षांपूर्वीच थांबली असल्याचे आता दिसले, त्यामुळे बॅटरी बदलून भागणार नाही. सात वर्षांची मुदत असलेला अँड्रॉइड फोनच घेतो आणि गोळीचा गजर ॲपऐवजी फोनच्या घड्याळात लावून देतो. बहिणीला हे पटलेले नाही.