घरी मेणाचं ओतकाम सुरू करायचंय, स्पिन मशीन घेऊ की व्हॅक्यूम?

चांदीची_ठिणगी
नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत पत्रा-तार कापून सोल्डर करूनच अंगठ्या, पेंडंट बनवत आलेय, आता मेण कोरून ओतायचं (मेणाचा नमुना पावडरच्या साच्यात गाडून जाळायचा आणि त्या पोकळीत वितळलेला धातू भरायचा) डोक्यात बसलंय. काम जास्त करून चांदीचं, एका वेळी ४०-५० ग्रॅम, क्वचित पितळ. स्प्रिंगवालं सेंट्रीफ्युगल मशीन (स्पिन, गरगर फिरवून धातू साच्यात ढकलणारं) सेकंड हँड मिळतंय, नाहीतर मग व्हॅक्यूम टेबल आणि पंप (हवा ओढून धातू साच्यात खेचणारं). एनॅमलची छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे घरात, तिला नुसतं कमी-जास्तचं बटण आहे, तिच्यावरच भागवेन म्हणते. सगळं एकदम घेणं जमणार नाही, तर पहिला खर्च कशावर करू?

मूसवाला
ताई, मशीन राहू द्या बाजूला, पहिला खर्च भट्टीच्या कंट्रोलरवर. रॅम्प (तापमान किती वेगाने चढवायचं) आणि होल्ड (तिथे किती वेळ धरायचं) सेट करता येणारा डिजिटल कंट्रोलर आणि चांगला थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा), बस. लोक स्पिन की व्हॅक्यूम यावर तासन्‌तास भांडतात आणि कास्टिंग बिघडतं भट्टीत. साधारण १५० सेल्सियसला मेण वितळून वाहून जातं, मग ३७०पर्यंत सावकाश न्यायचं, कारण २५०-२७०च्या आसपास साच्याच्या पावडरमधलं क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा एक प्रकार) एकदम फुगतं, घाई केली की साच्याला तडे. मग ७३०ला दोन-तीन तास, म्हणजे उरलेला कार्बन जळून जातो. त्याच्या फार वर जायचं नाही, ही साच्याची (इन्व्हेस्टमेंट) पावडर जिप्समची असते, तिचं विघटन व्हायला लागतं आणि सल्फरचा गॅस सुटतो, मग चांदीला बारीक भोकं पडणार आणि काळपटपणा येणार. कार्बन राहिला असेल तर हेच कमी तापमानालाही होतं. शेवटी फ्लास्क (साचा भरलेला धातूचा डबा) ओतायच्या तापमानाला उतरवून तिथे तासभर तरी ठेवायचा, जाड अंगठीला ४८०-५००, नाजूक जाळीकामाला ६००च्या पुढे. हे सगळं नुसत्या बटणावर करायचं म्हणजे दिवसभर भट्टीसमोर बसून राहायचं. आणि फ्लास्क आत मावतो का, चारी बाजूंनी हवा खेळते का तेही आधी मोजून बघा, एनॅमलच्या भट्ट्या बुटक्या असतात.

गरगर_भिंगरी
कंट्रोलरचं पटलं पण सेंट्रीफ्युगलला उगाच मागे टाकू नका राव!! ४०-५० ग्रॅमला मस्त चालतं, धातू मशीनच्याच मुशीत टॉर्चने वितळवायचा आणि स्प्रिंग सोडायची, बारीक काम पण नीट भरतं. फक्त टेबलाला बोल्टने घट्ट हवं, भोवती पत्र्याचं कडं हवंच, आणि दर वेळी वजन बॅलन्स करायचं. सेकंड हँड घेताना दांड्यात खेळ आहे का ते हलवून बघा, असेल तर घेऊच नका, चांदी भिंतीवर उडेल.

मूसवाला
भिंगरीभाऊ मशीन वाईट म्हणतच नाहीये मी. पण पावडर कालवल्यावर बुडबुडे काढायला व्हॅक्यूम लागतोच ना, नाहीतर अंगठीवर चांदीच्या गोळ्या चिकटून येतात, ब्रशने मेणावर पावडर लावून थोडं भागतं पण थोडंच. मग पंप घ्यायचाच आहे तर त्याच पंपावर ओतता पण येतं. व्हॅक्यूमला भोकाभोकाचे फ्लास्क लागतात, पावडर ओतताना बाहेरून टेप गुंडाळायची, आणि टेबलावरचं सिलिकॉनचं पॅड शाबूत हवं, नाहीतर तिथूनच हवा शिरते.
धातूचा हिशोब सोपाय, स्प्रूसकट (धातू आत जायच्या वाटेची मेणाची दांडी धरून) मेणाचं वजन गुणिले साडेदहा म्हणजे स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदीचं वजन, वर बटणासाठी (साच्याच्या तोंडाशी उरणारा धातूचा गोळा) थोडी जास्त.

चांदीची_ठिणगी
बापरे, बरं झालं विचारलं. खोलीला एकच खिडकी आहे, चालेल का? आणि मेणाऐवजी थ्रीडी प्रिंट केलेला रेझिन वापरला तर?

खिडकी_उघडा
एका खिडकीवर नाही चालणार, भट्टीच्या वर हूड आणि बाहेर फेकणारा फॅन लावा. जळणाऱ्या मेणाचा धूर एक, पण मला जास्त भीती पावडरची वाटते, त्यात सिलिका असते आणि ती फुफ्फुसात गेली की परत निघत नाही. पिशवी उघडताना, कालवताना रेस्पिरेटर, कापडी मास्क नाही. साचा फोडायचा तो पाण्यात, कोरडा खरवडायचा नाही, आणि झाडू तर अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसा. पितळ शक्यतो नंतरच, त्यातलं जस्त ९०७ला उकळतं, तो पांढरा धूर नाकात गेला की ताप भरतो. पितळेची मूस पण वेगळी ठेवा. रेझिन कास्टेबल (ओतकामासाठीचा) म्हणून विकतात तोच घ्या आणि त्याच्याच शेड्यूलने जाळा, तो मेणासारखा वितळून वाहून जात नाही.

चांदीची_ठिणगी
ठरलं मग, आधी कंट्रोलर आणि हूड, स्पिनवाल्याला नाही म्हणून कळवते. एसी-फ्रिजवाले वापरतात तो पंप चालेल का?

मूसवाला
चालेल, ऑइलवाला रोटरी असेल तर. घ्यायच्या आधी टेस्ट करा, डोमखाली (व्हॅक्यूम टेबलावरच्या घुमटासारख्या झाकणाखाली) ग्लासभर साधं पाणी ठेवून पंप लावा, खळखळ उकळलं पाहिजे, नुसते बुडबुडे येऊन थांबलं तर पंप कमी पडतोय किंवा कुठेतरी लीक आहे. कालवलेल्या पावडरची वाफ ऑइलमध्ये जाते, ऑइल पांढरट गढूळ दिसलं की लगेच बदला. गॅस बॅलास्टचा (वाफ ऑइलमध्ये साचू न देणारा) व्हॉल्व्ह असलेला मिळाला तर तोच उचला.