हंगाम साठ-सत्तर दिवसांचा आणि सल्ला दर आठवड्याला जाहिरात बदलायचा

कलमवाला
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "ॲनालिटिक्स, म्हणजे जाहिरातीचे आणि वेबसाइटचे आकडे दाखवणारं टूल, हाताशी असून जो दर आठवड्याला जाहिरात बदलत नाही, तो धंद्यातून उठणार." दोन दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची रत्नागिरी तालुक्यात कलमं आहेत. पाच वर्षं आंबा घरपोच विकतोय. मार्चमध्ये पहिली पेटी निघते आणि मे सरता सरता पाऊस डोक्यावर येतो. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या, एका ॲड सेटला (एका प्रेक्षकासाठीचा जाहिरातींचा गट) कोण विकत घेतं हे नीट शिकायला आठवड्याला साधारण ५० ऑर्डरी लागतात. आमचं बजेट दिवसाला ५०० रुपये, एका ऑर्डरीमागे जाहिरातीचे अडीचशे जातात. आठवड्याच्या झाल्या १४. त्यात फोटो किंवा प्रेक्षक बदलला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. मग दर आठवड्याला बदलून मिळवायचं काय?

दुसरं, कॅश ऑन डिलिव्हरी. ऑर्डर पडली की जाहिरातीच्या पॅनलवर खरेदी नोंदली जाते, पैसे आले नसले तरी. नंतर गिऱ्हाईक फोन उचलत नाही, पेटी परत येते, आकडा मात्र तसाच. गेल्या वर्षी जी जाहिरात सगळ्यात भारी दिसत होती तिच्यावर पैसे वाढवले, आणि तिच्याच अकरा पेट्या परत आल्या. पहिली उघडली तर पेंढा ओला, खालचा थर काळा, पडवीभर आंबूस वास. वर एजन्सीचा पोरगा सांगतो, "शीर्षकात देवगड टाका, क्लिक दुप्पट येतात." नाही टाकलं.

आकडेमोड
दादा, नुकसान झालं हे मान्य, पण दोष टूलला देऊ नका. खरेदीचा इव्हेंट, म्हणजे जाहिरातीला जाणारी खरेदीची नोंद, ऑर्डर टाकताच दिसणाऱ्या 'धन्यवाद'च्या पानावर कोणी लावला? कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर फोनवर पक्की झाली की मगच तो सर्व्हरवरून पाठवता येतो. तुम्ही यंत्राला न घेणारी गिऱ्हाइकं दाखवलीत, त्याने तसलीच आणखी शोधून आणली. आणि ५०० रुपये चार ॲड सेटमध्ये वाटत असाल तर ते आधी बंद करा.

माझ्याकडे एक काजू-कोकमवाले आहेत. जाहिरात फक्त महाराष्ट्रात. देशांचा रिपोर्ट काढला तर ऑर्डरी अमेरिका आणि दुबईतून, पत्ते मात्र पुण्याचे. मुलं तिकडून आईवडिलांसाठी मागवत होती. लिंक व्हॉट्सॲपवर फिरत होती, म्हणून सगळं 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे कुठून आलं ते माहीत नसलेल्यांत, दिसत होतं. आम्ही लिंकांना यूटीएम (गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारी खूण) लावले, परदेशी कार्ड सुरू केलं. हे वहीत कळलं असतं का?

कलमवाला
कळलं असतं. पैसे कोण भरतंय आणि पेटी कुठे जातेय, हे आमची आई पाच वर्षं वहीत लिहिते.

आकडेमोड
मग तोही डेटाच झाला की! आणि हंगामी धंदेवाल्यांनो, जीए४ मध्ये (गुगल ॲनालिटिक्स) डेटा ठेवायची मुदत न बदलल्यास २ महिने असते. ती १४ वर न्या, नाहीतर पुढच्या मार्चला एक्सप्लोरेशनमध्ये (त्यातल्या सविस्तर रिपोर्टांत) गेला हंगाम दिसणारच नाही. हे न करता टूलला नावं ठेवणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

देवगडची_बाय
तुमचं चालू द्या, मी त्या पोरग्याच्या वाक्यावर बोलते. 'देवगड टाका, क्लिक येतात' या एका सल्ल्याने आमचं वाटोळं केलंय. ज्याच्या बागेत देवगडची माती नाही तोही देवगड लिहितो. आमच्या तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेला २०२५ च्या हंगामात फळाफळावर कोडचं स्टिकर आणावं लागलं, ते कशामुळे?

डोंबिवलीकर
मी गिऱ्हाईक म्हणून सांगतो. गुढीपाडव्याला 'अस्सल देवगड' म्हणून पेटी घेतली. वरचे सहा आंबे सुरेख, खालच्यांत साका, म्हणजे आतला गर खराब. आत पेपर कन्नड.

देवगडची_बाय
तेच तर! खरा आंबा आमच्या कातळावरचाच.

कलमवाला
बाय, इथे मात्र मी गप्प बसणार नाही. २०१८ चं जीआय (भौगोलिक मानांकन) 'हापूस' नावाने पाच जिल्ह्यांना मिळालंय, त्यात रत्नागिरी आहे. आमच्या आजोबांनी सुरुंग लावून कातळ फोडला तेव्हा कलमं उभी राहिली. तो आंबा खोटा?

देवगडची_बाय
खोटा कोण म्हणालं? तुम्ही आमचं नाव वापरलं नाहीत, हे मी मानते. पण तुमच्या शेजारचे वापरतात, तेव्हा तुम्ही काय बोलता?

कलमवाला
बोललो होतो. गेल्या वर्षी भावकीत त्यावरून अबोला झाला.

आकडेमोड
लोक 'देवगड हापूस' शोधतात एवढंच टूल सांगतं. खोटं लिहा असं सांगत नाही.

देवगडची_बाय
टूल सांगत नाही, टूलवर पोट असलेला सांगतो. क्लिक वाढले की त्याचा रिपोर्ट चांगला दिसतो. साका निघाल्यावर शिव्या खायला तो नसतो.

आकडेमोड
हे खरं आहे. मी स्वतः दोन वर्षं क्लिकचेच रिपोर्ट पाठवत होतो. आता परत आलेल्या पेट्या वजा करून पाठवतो. त्यापायी एक गिऱ्हाईक सोडूनही गेलं.

कलमवाला
हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढा चिडलो नसतो. यंदा ऑर्डर फोनवर पक्की झाल्याशिवाय खरेदी नोंदवणार नाही. ॲड सेट चार होते, एकच ठेवतो. पण अक्षय्य तृतीयेपर्यंत जाहिरातीला हात लावणार नाही, आणि शीर्षकात रत्नागिरीच राहील.

आकडेमोड
नका लावू. फक्त परत आलेल्या पेट्यांचे पिनकोड वहीत लिहायला आईंना सांगा.

कलमवाला
ते ती लिहितेच. अकराही लिहिलेत, लाल पेनाने.