सत्तरीतल्या आईला ऑनलाइन समुपदेशनाचा उपयोग होईल का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी आई ७२ वर्षांची असून बाबा गेल्यापासून, म्हणजे गेले चौदा महिने, ती कऱ्हाडला माझ्या धाकट्या भावाकडे राहते. मी नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. पहाटे तीनला तिला जाग येते ती कायमची, जेवण निम्म्यावर आले आहे, आणि वीस वर्षे ज्या भजनी मंडळात ती पेटी वाजवत होती तिथे तिने जाणे सोडले आहे. बाबांचे कपाट ती कोणाला उघडू देत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे आणि ‘वयाप्रमाणे व्हायचेच’ असे सांगितले आहे. मानसोपचारतज्ज्ञांचा विषय काढला तेव्हा ‘त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कोणी पाहिले तर गावात काय म्हणतील?’ एवढेच ती बोलली.

म्हणून व्हिडिओ कॉलवरून होणाऱ्या उपचाराचा विचार करते आहे. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, आणि अनोळखी माणसाशी, तेही पडद्यावरच्या, ती मोकळेपणाने बोलेल की नाही याची मला शंका आहे. खरा तज्ज्ञ ओळखायचा कसा? कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

मनोव्यापार

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) आहे. आईंना न पाहता निदान करणे योग्य नाही, तरीही तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी मी ‘वयाप्रमाणे’ म्हणून सोडून देणार नाही. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे आणि आवडीच्या गोष्टीतून मन उठणे ही नैराश्याची ठळक लक्षणे आहेत. शिवाय दुःखाची तीव्रता दीर्घकाळ तशीच राहून रोजचे जगणे अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यासाठीची किमान मुदत ६ महिने आहे. तुम्ही चौदा महिने लिहिले आहेत.

सर्वांत आधी रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइडचे कार्य मंदावलेले असेल किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर उतारवयात हुबेहूब नैराश्यासारखे चित्र दिसते आणि मग कितीही बोलले तरी माणूस सुधारत नाही. झोपेच्या गोळीबद्दलही डॉक्टरांना पुन्हा विचारा, कारण त्यांतल्या काही गोळ्यांनी या वयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो; मात्र गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका.

तज्ज्ञ ओळखण्याबाबत सांगायचे तर, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच बाळगू नये. जो तो देण्यास कुरकुर करतो त्याच्याकडे न जाणेच बरे. पुष्कळ चांगल्या समुपदेशकांकडे ही नोंदणी नसते, म्हणून त्यांना शिक्षण, वृद्धांसोबत केलेले काम आणि स्वतःच्या कामावर ते कोणाचे मार्गदर्शन घेतात, हे तीन प्रश्न विचारावेत. औषध लागल्यास ते डॉक्टरच, शक्यतो मनोविकारतज्ज्ञ (मानसिक आजारांचे डॉक्टर), देऊ शकतात, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार तेही काही मर्यादेत दूरस्थ पद्धतीने शक्य आहे.

सहसा आठवड्याला एक भेट, ४५ ते ५० मिनिटे, आणि साधारण ८ ते १२ भेटींनंतर आढावा, असा क्रम असतो. आई ‘जगून काय उपयोग’ असे बोलू लागल्या तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

निवृत्त मास्तर

मी ६९ वर्षांचा, नाशिकचा. पत्नीच्या निधनानंतर मुलाच्या आग्रहाने मी हा उपचार घेतला, म्हणून पलीकडच्या बाजूचे सांगतो.

पडद्याची अडचण दोन दिवसांत संपली. अडचण आली ती घराची. आमचे घर दोन खोल्यांचे. पोह्यांच्या डब्याला टेकवून मोबाइल ठेवला होता आणि सहा हातांवर सूनबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्या माउलीची काही चूक नव्हती, तिला वाटले बाबांना मध्येच काही लागले तर. परंतु ज्या घरात आपण जेवतो त्याच घराबद्दल तिथेच बसून काय बोलणार? पहिल्या तीन भेटींत मी ‘सर्व उत्तम आहे’ एवढेच सांगत राहिलो. चौथ्या वेळी समुपदेशक बाईंनी हलकेच विचारले की आपण आता एकटे आहात का, आणि मी नाही म्हटल्यावर त्यांनी पुढच्या भेटीची वेळ सूनबाई नातवाला शिकवणीला सोडायला जातात ती ठरवली. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो.

त्यांनी मला दिवसाची वही घालायला लावली: दर दोन तासांत काय केले आणि त्यात किती बरे वाटले, त्याला शून्य ते दहा गुण. चौतीस वर्षे दुसऱ्यांचा गृहपाठ तपासलेल्या माणसाला याचा रागच आला. पण दहाव्या दिवशी वही पाहताना माझ्याच लक्षात आले की सातच्या वर गुण पडलेल्या सगळ्या नोंदी घराबाहेरच्या होत्या, आणि मी तर बाहेर जाणेच बंद केले होते. मन लागेल तेव्हा बाहेर पडायचे, असे मी धरून बसलो होतो. बाईंचे म्हणणे की आधी बाहेर पडा, मन मागून येईल.

आपल्या मातोश्रींची पेटी भजनी मंडळातच राहिली आहे की घरी आहे?

वडाची पारंबी

माझा अनुभव थोडा कडू आहे. वडिलांसाठी आम्ही एका ॲपवर तीन महिन्यांचे पैसे एकरकमी भरले. तेवढ्यात समुपदेशक तीनदा बदलले, आणि प्रत्येकासमोर वडिलांना आईचे आजारपण पहिल्यापासून सांगावे लागले. निम्म्या भेटी नुसत्या लेखी संदेशांवर उरकल्या गेल्या. वडील विसरतात, तेच तेच विचारतात, हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण ते पडद्यावर छान हसून बोलत असत. प्रत्यक्ष तपासणी झाल्यावर स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे कळले. म्हणून पहिली भेट शक्यतो समोरासमोर व्हावी, निदान एकदा तरी, आणि पैसे भेटीगणिक द्यावेत.

आणखी एक. आम्ही भावंडे दर भेटीनंतर ‘आज काय बोललात?’ असे विचारत असू. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, पैसे कोणीही भरलेले असोत. हे मला फार उशिरा समजले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रक्ततपासणीत ब-१२ बरेच कमी निघाले असून इंजेक्शने सुरू झाली आहेत. साताऱ्याच्या एका नोंदणीकृत बाईंनी पहिली भेट प्रत्यक्ष घेण्याचे मान्य केले. तिथे आईला ओळखणारे कोणी नाही, त्यामुळे ती तयार झाली. नंतरच्या भेटी बुधवारी दुपारी होतील, भाऊ दुकानात आणि वहिनी बँकेत असताना. दोन्ही कानांवर बसणारा हेडफोन आणला आहे.

मास्तर, पेटी घरीच आहे, बाबांच्या कपाटाच्या खाली. फोन कुठे ठेवायचा हे काल आईला विचारले, तर ती म्हणाली, पेटीवर ठेव, उंची बरोबर येईल.