रस्ता उघडला म्हणजे दूध सुरू झालं असं नाही

लोक म्हणतात ना की पूर ओसरला, रस्ता मोकळा झाला की दोन दिवसांत दूध-भाजी पूर्वीसारखी यायला लागते, ते शहरातून बघितलं तर खरं वाटतं, पण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात काढलाय म्हणून लिहितो. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, मुंबई-पुण्याकडे जाणारं दूध अडकलं, पाणी उतरल्यावर आधी गॅस, पेट्रोल, दूध असल्या गरजेच्या गाड्या सोडल्या, ते बरोबरच होतं. पण टँकरात भरायला दूध पाहिजे की!

म्हैस काय रस्ता कधी उघडतोय म्हणून थांबत नाही. दोन वेळा धार काढावीच लागते, नाहीतर कास दगडासारखी होते आणि मग ते वेत, म्हणजे एकदा व्याल्यावर मिळणारं दूध, हातचं गेलंच समजा. आमच्या काकूंनी पूरग्रस्तांच्या छावणीत धारा काढून दूध शेजारच्या पोरांना वाटलं, उरलेलं ओतून दिलं. घरी परतलो तर कडब्याची गंजी काळी पडलेली, हात घातला की आतून गरम वाफ आणि कुबट वास. उभा ऊस कुजलेला, म्हणजे हिरवं वाडंही (उसाच्या शेंड्याचा पाला) नाही. वैरण नाही तर दूध कुठनं?

जनावर एकदा आटलं की पुढच्या वेतापर्यंत वाट बघायची, आणि म्हशीचा गाभणकाळच दहा महिन्यांचा. त्यामुळं मदत पाठवताना तांदूळ-बिस्किटांबरोबर पहिल्या आठवड्यातच वैरण आणि पेंड पाठवा, हे मी कळकळीनं सांगतोय.