मदत हवी आहे: नाताळच्या भेटवस्तू आणि ऑटिस्टिक मुलगा

मुलगा ९ वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो मोजकंच, चित्रकार्डं मात्र छान समजतात. दर नाताळला अडचण एकाच वेळी येते: २५ डिसेंबरच्या सकाळी सगळे नातेवाईक एकत्र बसून भेटवस्तू उघडतात तेव्हा. कागदाच्या आत काय आहे हे माहीत नसणं त्याला सहनच होत नाही. त्यात कागद फाटल्याचे आवाज आणि 'आवडलं का?' म्हणत त्याच्याकडे लागलेल्या नजरा. गेल्या वर्षी कानांवर हात दाबून पलंगाखाली गेला, दोन तास बाहेर आला नाही. तो हट्ट नव्हता, तो घाबरला होता.

आतापर्यंत काय केलं: लुकलुकणारे दिवे काढून स्थिर लावले, झाड आठवडाभर थोडं थोडं सजवलं. याचा खूप फायदा झाला. नाताळपर्यंत रोज एक छोटं कागदी दार उघडून आतली वस्तू बघायचं २४ दिवसांचं कॅलेंडर मात्र अंगाशी आलं. रोज आत नवीन काहीतरी, म्हणजे रोज तीच धास्ती. आवाज कमी करणारे हेडफोन तो अर्ध्या तासात काढतो. शांत खोली आहे, पण तिथे गेला की आजी प्रेमाने हाक मारून परत बोलावतात.

कार्यक्रम रद्द करता येणार नाही, धाकट्या बहिणीचा तो सर्वांत आवडता दिवस आहे.

वस्तू आधी दाखवून मग त्याच्यासमोर गुंडाळावी, की कागदच नको? आणि आजी-आजोबा दुखावणार नाहीत असं हे कोणत्या शब्दांत सांगितलंत? इथे कुणी स्वतः ऑटिस्टिक असाल तर, लहानपणी त्या सकाळी तुम्हाला काय हवं होतं?